अर्ध्या मिलिमीटरची राखण : फायबर होडीचा जेलकोट आणि त्यावरचे ओरखडे

काचतंतू आणि रेझिन यांपासून घडवलेल्या, किनाऱ्यावर नुसत्या ‘फायबर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या होडीचा जो गुळगुळीत, चकचकीत पृष्ठभाग नजरेस पडतो, तो बहुतेक वेळा रंग नसतो. तो जेलकोट, म्हणजे रंगद्रव्य मिसळलेल्या घट्टसर पॉलिएस्टर रेझिनचा थर असतो आणि त्याची जाडी साधारणपणे ०.५ ते ०.७५ मिलिमीटर एवढीच असते. ऊन आणि खारे पाणी यांपासून आतल्या काचतंतूंच्या थरांना जपणे आणि होडीला तिचा रंग व तकाकी देणे, अशी दोन्ही कामे एवढ्या पातळ थराला करावी लागतात. होडी वाळूवरून ओढली, धक्क्याला घासली, नांगराची साखळी तिच्या कडेवरून सरकली किंवा कालवे धरलेल्या खडकाला ती लागली, की पहिला घाव याच थरावर बसतो. त्या घावाची दुरुस्ती वरवर पाहता सोपी वाटते : भरायचे, घासायचे आणि चकाकी आणायची. परंतु घासण्याच्या प्रत्येक हाताबरोबर मूळ जेलकोटही थोडा झिजतो आणि झिजलेला थर पुन्हा उगवत नाही. त्यामुळे या कामातले कसब जितके भरण्यात आहे, त्याहून अधिक ते ओरखड्याची खोली आधी ओळखण्यात आणि योग्य जागी हात थांबवण्यात आहे.

थराची घडण

फायबर होडीचा इतिहास दोन वेगवेगळ्या शोधांच्या एकत्र येण्यातून सुरू होतो. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ कार्लटन एलिस यांनी १९३०च्या दशकात असंपृक्त पॉलिएस्टर रेझिनवर संशोधन करून पेटंटे मिळवली आणि हे रेझिन स्टायरीन या पातळ, उग्र वासाच्या द्रवात मिसळले असता ते अधिक लवकर आणि कठीण घट्ट होते हे दाखवले. त्याच दशकात काचेचे बारीक तंतू कारखान्यात मोठ्या प्रमाणावर काढण्याची रीत अमेरिकेत विकसित झाली आणि १९३८ मध्ये ओवेन्स-कॉर्निंग ही कंपनी या उद्योगासाठी स्थापन झाली. ओहायो राज्यातील टोलीडो येथील रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये या दोहोंच्या मेळातून बांधलेली छोटी शिडाची नौका ही अशा प्रकारच्या पहिल्या नौकांपैकी एक मानली जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर हे तंत्र झपाट्याने पसरले आणि १९७३ मध्ये ब्रिटिश नौदलात दाखल झालेली ‘एचएमएस विल्टन’ ही सुरुंगशोधक नौका या द्रव्यात बांधलेली जगातील पहिली युद्धनौका ठरली.

या होड्या घडवण्याची रीत समजून घेतल्याशिवाय त्यांच्या दुरुस्तीतील अडचण समजत नाही. होडीच्या बाह्य आकाराचा उलटा, आतून आरशासारखा घोटलेला साचा तयार करून त्यावर मेणाचा हात फिरवला जातो, जेणेकरून घडलेली होडी पुढे सहज सुटून यावी. या मेणावर सर्वांत आधी जेलकोट फवारला जातो. तो काहीसा घट्ट होऊन बोटाला किंचित चिकटतो अशा अवस्थेत आला, की त्यामागे काचतंतूंच्या मॅटचे आणि विणलेल्या कापडाचे थर रेझिनमध्ये भिजवून बसवले जातात. होडी साच्यातून निघते तेव्हा पहिला दिलेला थर सर्वांत बाहेर असतो आणि त्याची तकाकी ही साच्याच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल असते. म्हणजे कारखान्यातील कारागीर बाहेरून आत काम करतो, तर दुरुस्ती करणाऱ्याला आतून बाहेर काम करावे लागते आणि जी तकाकी साच्याने फुकट दिली होती ती त्याला हाताने घासून मिळवावी लागते.

या उलटेपणाचा एक रासायनिक परिणामही आहे. पॉलिएस्टर रेझिन घट्ट होत असताना हवेतील ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या प्रक्रियेत अडथळा आणतो आणि हवेला उघडा राहिलेला थर बराच काळ चिकट राहतो. साच्यात ही अडचण उपकारक ठरते, कारण जेलकोटची तकाकीची बाजू साच्याला टेकलेली असल्यामुळे पूर्ण घट्ट होते आणि मागची चिकट बाजू पुढच्या थराला घट्ट धरून ठेवते. दुरुस्तीत मात्र नेमकी बाहेरची बाजूच हवेला उघडी असते. म्हणून तेथे हवा अडवण्याची वेगळी तजवीज करावी लागते.

प्रत्येक फायबर नौकेवर जेलकोट असतोच असे नाही. गोव्यातील दिवाडी बेटावरच्या ॲक्वेरियस शिपयार्डमध्ये बांधलेल्या आणि कमांडर दिलीप दोंदे यांच्या २००९-१० मधील एकट्याने केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेमुळे प्रसिद्ध झालेल्या ‘म्हादेई’सारख्या नौकेत लाकडाच्या गाभ्यावर काचतंतूंचे थर चढवलेले असतात; पोकळ साच्याविना अशा रीतीने घडवलेल्या अंगावर सामान्यतः रंगच दिला जातो. जुन्या जेलकोटवर कोणी पुढे रंग चढवलेला असण्याचीही शक्यता असते. म्हणून दुरुस्तीपूर्वी न दिसणाऱ्या कोपऱ्यात थिनर लावलेले फडके चोळून किंवा थोडेसे घासून आपल्यापुढे रंग आहे की जेलकोट, याची खात्री करून घेणे आवश्यक ठरते, कारण दोहोंचे उपचार वेगळे आहेत.

लाकडाकडून फायबरकडे

कोकणच्या किनाऱ्यावर लाकडी होडीची देखभाल ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विद्या आहे. फळ्यांच्या सांध्यांत कापूस ठोकून भरणे, अंगाला माशाचे किंवा काजूच्या टरफलाचे तेल पाजणे आणि कुजलेली फळी काढून तिच्या जागी नवी बसवणे, ही कामे सुतार आणि नाखवा दोघांनाही ठाऊक असतात. लाकडी होडी सुट्या भागांची बनलेली असल्यामुळे तिची दुरुस्ती म्हणजे अनेकदा भागाची अदलाबदल असते. फायबर होडी याउलट एकसंध कवच असते. तिच्यात बदलण्याजोगी फळी नसते, ती कुजत नाही आणि तिला तेलही लागत नाही. त्यामुळे तिला देखभालच लागत नाही असा समज सहज रुजतो आणि तिच्या अंगावरचे ओरखडे दुर्लक्षिले जातात किंवा मोटारीच्या गॅरेजात वापरतात ती लांबी, म्हणजे पुट्टी, भरून झाकले जातात. ही लांबी मोटारीच्या पत्र्यासाठी बनलेली असते. तिच्यातील भुकटी पाणी शोषून घेते आणि सतत खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या अंगावर ती कालांतराने फुगून सुटते.

पावसाळी मासेमारीबंदीच्या काळात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात आणि दुरुस्तीला सवड तेव्हाच मिळते. परंतु जेलकोटच्या कामाला हवेतील दमटपणा हा मोठा शत्रू असल्यामुळे तोच काळ या कामाला सर्वांत प्रतिकूल असतो. आडोशाखाली, अंग पूर्ण सुकवून आणि पावसाच्या सरी थांबल्यावर हे काम करता येते, पण त्यासाठी घाई बाजूला ठेवावी लागते. उन्हाळ्यात अडचण उलटी असते : तापलेल्या अंगावर मिश्रण पसरण्याआधीच घट्ट होऊ लागते. म्हणून सावलीतील सकाळची वेळ कोकणात या कामाला सर्वांत सोयीची.

घावाची पारख

ओरखडा पाहिल्यावर हाती घासण्याचा पेपर घेण्याआधी तो किती खोल गेला आहे, हे ठरवावे लागते. पहिली पायरी म्हणजे गोड्या पाण्याने आणि साबणाने मीठ व मळ धुऊन काढणे, कारण पुष्कळदा जो ओरखडा वाटतो तो धक्क्यावरच्या टायरचा काळा पट्टा निघतो. धुतल्यानंतर ओल्या पृष्ठभागावर ओरखडा दिसेनासा झाला आणि सुकल्यावर पुन्हा दिसू लागला, तर तो अगदी वरचा समजावा. कोरड्या पृष्ठभागावर नख आडवे फिरवले असता ते अडकले नाही, तर रबिंग कंपाउंड आणि पॉलिश एवढ्यावर काम भागते. नख अडकले पण तळाशी जेलकोटचाच रंग दिसला, तर चरा भरावा लागतो. चऱ्याच्या तळाशी रंग बदलून अर्धपारदर्शक, हिरवट किंवा पिवळसर थर आणि त्यात तंतूंची जाळी दिसली, तर घाव जेलकोट ओलांडून काचतंतूंपर्यंत पोहोचलेला आहे आणि तेथे केवळ शोभेचा नव्हे, पाणी आत शिरण्याचाही प्रश्न उभा राहतो.

ताऱ्यासारख्या पसरलेल्या किंवा समांतर धावणाऱ्या बारीक तड्यांचा विचार वेगळा करावा लागतो. जेलकोटमध्ये काचतंतू नसल्यामुळे तो आतल्या थरांपेक्षा ठिसूळ असतो आणि अंग वारंवार वाकले किंवा एका जागी आघात झाला, की तोच आधी तडकतो. तो गरजेपेक्षा जाड फवारला गेला असेल तर ही शक्यता आणखी वाढते. असे तडे नुसते भरले तर थोड्याच काळात त्याच रेषेत पुन्हा उमटतात, कारण त्यांचे मूळ अंगाच्या वाकण्यात किंवा आतल्या आधाराच्या कमतरतेत असते. तेथे आधी अंग कशामुळे वाकते ते शोधून त्याला आतून बळकटी द्यावी लागते. पाण्याखालच्या भागावर आलेले फोडही ओरखड्यांच्या यादीत बसत नाहीत. जेलकोटमधून अतिशय संथपणे झिरपणारे पाणी आत विरघळणाऱ्या द्रव्यांशी मिळून दाब निर्माण करते आणि पृष्ठभाग फुगतो. त्या व्याधीवर थर काढून अंग दीर्घकाळ सुकवण्याचा उपचार करावा लागतो आणि तो तज्ज्ञाकडेच सोपवलेला बरा.

भरण्याची तयारी

भरणीचे काम दिसते त्याहून अधिक स्वच्छतेवर अवलंबून असते. पृष्ठभागावर मेण किंवा सिलिकोनयुक्त पॉलिश असताना त्यावर पेपर चालवला, तर ते मेण ओरखड्यांत खोल घुसते आणि नवा थर धरत नाही. म्हणून मेण काढणाऱ्या द्रावणाने आधी पुसणे आणि त्यानंतर घासणे, हा क्रम उलटता कामा नये. पुसताना फडके सतत बदलावे, अन्यथा काढलेले मेण पुन्हा पसरते.

अरुंद आणि खोल चऱ्यात घट्टसर मिश्रण तळापर्यंत पोहोचत नाही आणि खाली हवेचा पोकळ धागा राहतो. त्यामुळे चऱ्याच्या दोन्ही कडा टोकदार अवजाराने किंवा लहान ग्राइंडरने किंचित मोकळ्या करून त्याला इंग्रजी ‘व्ही’ अक्षराचा उतार देतात. जुना जेलकोट पूर्ण घट्ट झालेला असल्यामुळे नव्या थराशी त्याचे रासायनिक मीलन फारसे होत नाही. नवा थर मुख्यतः खरखरीत पृष्ठभागाच्या पकडीवर टिकतो, म्हणून उताराच्या आत ८० ते १२० क्रमांकाच्या पेपरने खरखर निर्माण करणे गरजेचे असते. भोवतालचा चांगला भाग मात्र चऱ्याच्या अगदी कडेपर्यंत मास्किंग टेपने झाकून ठेवावा.

काचतंतूंपर्यंत घाव गेला असेल तर जेलकोट हा त्यावरचा इलाज नव्हे. आधी खराब झालेले तंतू काढून, साधारणपणे खोलीच्या बारा पट लांबीचा उतार देऊन, नवे मॅट किंवा कापड रेझिनमध्ये बसवावे लागते आणि मगच वर जेलकोट येतो. हे काम इपॉक्सी रेझिनने केले तर पकड अधिक चांगली मिळते, परंतु इपॉक्सीवर पॉलिएस्टरचा जेलकोट नीट घट्ट होईल याची शाश्वती नसते. त्यामुळे ज्या भागावर शेवटी रंगच द्यायचा आहे तेथे इपॉक्सी आणि जेथे जेलकोट हवा आहे तेथे पॉलिएस्टर किंवा व्हिनिलएस्टर, असा विवेक आधीच करावा लागतो.

मिश्रण आणि त्याचे प्रमाण

जेलकोट घट्ट होतो तो वाळून नव्हे, तर रासायनिक प्रक्रियेने. त्यात कोबाल्टचा एक क्षार आधीच मिसळलेला असतो आणि मिथाइल इथाइल कीटोन पेरॉक्साइड हे द्रव्य, ज्याला कामगार हार्डनर म्हणतात, त्यात घातले की रेझिनच्या साखळ्या स्टायरीनच्या दुव्यांनी एकमेकींना कायमच्या जोडल्या जातात. हार्डनरचे प्रमाण वजनाच्या १ ते २ टक्के ठेवण्याचा दंडक आहे. म्हणजे १० ग्रॅम जेलकोटला ते अवघे ०.१ ते ०.२ ग्रॅम लागते. एवढे अल्प प्रमाण अंदाजाने साधत नाही, म्हणून वजनकाट्यावर एका ग्रॅमला आपल्या ड्रॉपरचे किती थेंब लागतात हे आधी मोजून ठेवणे हा सर्वांत भरवशाचा उपाय होय. प्रमाण कमी पडले तर थर कधीच पुरता घट्ट होत नाही. ते वाढले तर थर ठिसूळ होतो आणि त्याचा रंगही बिघडतो. उन्हाळ्यात प्रमाण दंडकाच्या खालच्या टोकाला ठेवावे, परंतु त्याच्याही खाली जाऊ नये.

रंग जुळवणे हा या कामाचा सर्वांत धीराचा भाग आहे. उन्हाने पिवळसर झालेला पांढरा आणि डब्यातला ताजा पांढरा यांत ठळक फरक असतो, म्हणून भोवतालचा एक छोटा तुकडा आधी पॉलिश करून मूळ रंग उघडा करावा आणि त्याच्याशी तुलना करावी. रंगद्रव्य थेंबाथेंबाने मिसळून, प्रत्येक टप्प्यावर थोडे मिश्रण हार्डनरसह टेपच्या तुकड्यावर घट्ट होऊ द्यावे आणि ते दिवसाच्या उजेडात पाहावे, कारण ओल्या आणि घट्ट झालेल्या रंगात किंचित फरक पडतो. जुळलेल्या मिश्रणाचे प्रमाण तारखेसह लिहून ठेवले, तर पुढच्या दुरुस्तीत सगळा खटाटोप वाचतो.

मिश्रण चऱ्यात पट्टीने दाबून भरताना ते पृष्ठभागापेक्षा किंचित उंच ठेवावे, कारण पॉलिएस्टर घट्ट होताना आकाराने सुमारे ५ ते ८ टक्के आकसते. त्यानंतर हवा अडवण्यासाठी त्यावर गुळगुळीत, पारदर्शक प्लास्टिक ताणून चिकटवतात किंवा पॉलिव्हिनिल अल्कोहोलचा पातळ थर फवारतात. तिसरा मार्ग म्हणजे मेण विरघळवलेले स्टायरीन मिश्रणात घालणे. हे मेण घट्ट होताना वर येऊन स्वतःच झाकण बनते. असे मेण फक्त शेवटच्या थरात घालावे, अन्यथा त्याच्यावरचा पुढचा थर धरणार नाही. झाकलेला भाग रात्रभर तसाच ठेवला म्हणजे घासण्याजोगा होतो.

घासणे आणि थांबणे

घासण्याच्या टप्प्यावर सर्वाधिक नुकसान होते, कारण हात भरलेल्या उंचवट्यापेक्षा भोवतालच्या कडांवर जास्त चालतो. म्हणून सुरुवातीला लहान, कठीण ठोकळ्यावर २४० क्रमांकाचा पेपर गुंडाळून केवळ उंचवटाच घासावा आणि कडेचा टेप तसाच राहू द्यावा. पेपर टेपला स्पर्श करू लागला, की भराव जवळजवळ पातळीत आला हे समजते. तेथे टेप काढून वॉटर पेपरवर यावे. त्यानंतर ४००, ६००, ८००, १००० आणि गरज असल्यास १५०० वा २००० असा क्रम साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यासोबत चालतो. युरोपीय मोजमापानुसार ४०० क्रमांकाच्या पेपरवरील कण सरासरी ३५ मायक्रॉन, १००० वरील सुमारे १८ मायक्रॉन आणि २००० वरील सुमारे १० मायक्रॉन एवढे असतात. प्रत्येक पेपर आधीच्या पेपरचे चरे पुसण्यापुरताच वापरायचा असतो. पेन्सिलीने हलक्या रेषा काढून त्या पुसल्या जाईपर्यंत घासणे आणि प्रत्येक क्रमांकाला दिशा बदलणे, या दोन सवयींमुळे काम मोजून-मापून होते. पेपरचा एखादा क्रमांक वगळला, तर राहिलेले खोल चरे रबिंग कंपाउंडने पुसण्याच्या नादात नको तितका जेलकोट उतरतो. बफिंग यंत्र एका जागी फार वेळ धरले तर उष्णतेने पृष्ठभाग करपतो, म्हणून ते सतत फिरते आणि कमी गतीवर ठेवावे.

घासण्यावरचा हा संयम स्पर्धेच्या नियमांतही उतरलेला दिसतो. ब्रूस कर्बी यांनी आरेखलेली, ४.२३ मीटर लांबीची आणि १९९६ पासून ऑलिम्पिकमध्ये असलेली लेसर ही एकट्याने हाकायची शिडाची नौका जगभर एकाच आकाराची असावी, असा तिच्या वर्गाचा पाया आहे. तिच्या नियमांनुसार अंग चकाकवण्यापुरते पॉलिश करण्यास मुभा आहे, परंतु आकार वा वजन बदलण्याच्या हेतूने घासण्यास मनाई आहे. हा नियम समतेसाठी केलेला असला, तरी कोणत्याही फायबर होडीच्या मालकाला तो आयुष्य वाढवणारा सल्ला म्हणून घेता येतो.

शरीर आणि समुद्र

या कामातील द्रव्ये घरगुती रंगाइतकी निरुपद्रवी नाहीत. हार्डनर हे तीव्र ऑक्सिडीकारक द्रव्य असून डोळ्यात उडाल्यास दृष्टी जाण्याचा धोका असतो, म्हणून चष्म्याशिवाय त्याची बाटली उघडू नये. हार्डनर आणि सुटे कोबाल्ट यांचा थेट संपर्क आला तर स्फोट होऊ शकतो. दोन्ही स्वतंत्रपणे आणि दूरदूर साठवावीत. स्टायरीनचे वर्गीकरण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१८ मध्ये मानवात कर्करोगकारक असण्याची दाट शक्यता असलेल्या गटात केले आहे आणि त्याची वाफ साध्या कापडी मुखपट्टीने अडत नाही. त्यासाठी वाफ शोषणारा मास्क आणि खेळती हवा लागते. कोरड्या घासण्यातून उडणारी काचमिश्रित भुकटी फुप्फुसांत आणि वाऱ्यासोबत समुद्रातही जाते. इंग्लंडमधील चिचेस्टर बंदराच्या परिसरातील कालवे आणि शिंपल्यांत काचतंतूंचे कण आढळल्याचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. ज्या किनाऱ्यावर कालवे काढून लोकांची चूल पेटते, तेथे घासण्याआधी खाली ताडपत्री अंथरणे, पाण्याने ओले घासणे आणि गाळ भरतीच्या रेषेवर न टाकता गोळा करणे, हे होडीच्या दुरुस्तीचेच अंग मानले पाहिजे.

जपण्याचा हिशेब

घट्ट झालेले पॉलिएस्टर रेझिन पुन्हा वितळत नाही. त्यामुळे जुन्या फायबर होडीचे नवे काही घडवणे कठीण असते आणि टाकून दिलेली होडी किनाऱ्यावर वर्षानुवर्षे पडून राहते. लाकूड मातीत मिसळते, हे द्रव्य मिसळत नाही. म्हणून ते जितके टिकेल तितके वापरणे हाच त्याचा सर्वांत जबाबदार उपयोग ठरतो. जेलकोट राखणे हे या टिकण्याचे पहिले साधन होय. होडी चालवून झाल्यावर गोड्या पाण्याने धुणे, उन्हात उभी असेल तर झाकणे, वर्षातून एक-दोनदा मेणाचा हात देणे आणि धक्क्याला लागताना टायर वा फेंडर योग्य उंचीवर बांधणे, या साध्या सवयींनी निम्म्याहून अधिक घासण्याची वेळच येत नाही. ज्या ओरखड्याने पाणी आत शिरत नाही आणि जो केवळ नजरेला खुपतो, तो तसाच ठेवणे हाही पुष्कळदा योग्य निर्णय असतो.

कोकणातील फायबर होड्यांवर आज अनेक कुटुंबांचा चरितार्थ चालतो, तेव्हा लाकडी होडीच्या देखभालीची जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या हातोहात पुढे गेली तशीच फायबरची विद्याही पुढे जायला हवी. घावाची पारख, हार्डनरचे मोजलेले प्रमाण, हवा अडवण्याची तजवीज आणि धुळीचा बंदोबस्त या चार गोष्टी मत्स्यव्यवसायाच्या प्रशिक्षणात आणि कोळीवाड्यांतील दुरुस्तीच्या कामात रीतसर शिकवल्या गेल्या, तर होडी अधिक वर्षे चालेल, दुरुस्तीचा खर्च कमी होईल आणि किनाऱ्यावर पडून राहणाऱ्या कवचांची संख्याही घटेल. अर्ध्या मिलिमीटरचा थर वाचवण्यासाठी लागणारे हे ज्ञान महागडे नाही. ते गरज असलेल्या हातांपर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था तेवढी उभी राहिली पाहिजे.